तोंडावर मारलेला उजेड

आमच्या घरातल्या लोखंडी कपाटात आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम आहे. 1994 सालचा. जाड काळी पानं, आणि दर दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ, दुधी कागद. लहानपणी मला फोटोंपेक्षा त्या कागदाचंच आकर्षण जास्त होतं. आता अल्बम काढला की फोटो बघतो, आणि दर वेळी एकच गोष्ट खटकते. माझ्या आजीचे डोळे एकाही फोटोत नीट उघडे नाहीत.

अंतरपाट धरलाय, आजी शेजारी उभी आहे, डोळे मिटलेले. पंगतीत वाढतेय, डोळे बारीक. बाकीच्यांचीही फार बरी अवस्था नाही. चेहरे पांढरेफटक, कपाळांवर तेलकट चकाकी, मागच्या भिंतीवर प्रत्येकाची काळीकुट्ट सावली, आणि त्यापलीकडे हॉलमध्ये जणू लोडशेडिंग चालू आहे. फोटोग्राफर सुमार होता, असं मला बरीच वर्षं वाटायचं. पुढे नोकरीला लागल्यावर पहिल्या बोनसमधून कॅमेरा घेतला, त्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवला, मित्राच्या साखरपुड्यात मिरवला, आणि हुबेहूब तसेच फोटो काढले. तेव्हा त्या फोटोग्राफरबद्दलचं मत बदललं. दोष त्याचा नव्हता. लहानसा, प्रखर दिवा कॅमेऱ्याच्या शेजारी ठेवून समोरच्याच्या तोंडावर उजेड मारला, की हेच होतं. दीडशे वर्षांहून अधिक काळ हेच होत आलंय.

आणि तेवढ्याच काळापासून कोणी ना कोणी तो उजेड मऊ करायच्या खटपटीत आहे. या खटपटीची गोष्ट मला कॅमेऱ्याच्या गोष्टीपेक्षा जास्त रंजक वाटते, कारण तिच्यात यंत्रं कमी आणि चादरी, रुमाल, आरसे, छत्र्या जास्त आहेत.

सुरुवात पॅरिसमध्ये होते. नादार हा तिथला गाजलेला फोटोग्राफर. व्यंगचित्रकार, बलूनमधून उडणारा, एकूणच उद्योगी माणूस. 1860 च्या आसपास त्याने बुन्सेनच्या बॅटऱ्या आणि आर्क लॅम्प वापरून विजेच्या उजेडात माणसांचे फोटो काढायला सुरुवात केली. 1861 मध्ये तर तो पॅरिसच्या जमिनीखालच्या कॅटाकोम्ब्जमध्ये, म्हणजे लाखो माणसांच्या हाडांनी भरलेल्या बोगद्यांत, दिवे घेऊन उतरला. तिथे एकेका फोटोला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे. एवढा वेळ जिवंत माणूस न हलता उभा राहणं शक्य नाही, म्हणून त्याने कामगारांचे कपडे घातलेले पुतळे उभे केले. बहुतेक लेखांत नादारच्या गोष्टीचा एवढाच भाग सांगतात, कारण हाडं आणि पुतळे सांगायला मजा येते.

मला त्याच्या आधीचा भाग महत्त्वाचा वाटतो. स्टुडिओत विजेच्या उजेडात काढलेले त्याचे पहिले पोर्ट्रेट त्यालाच आवडले नाहीत. सावल्या ठार काळ्या, चेहऱ्यावरचे बारकावे गायब. मग त्याने काय काय केलं ते त्यानेच आठवणींच्या पुस्तकात नोंदवून ठेवलंय. आधी मध्ये दुधी काच धरून पाहिली. तिचा फारसा उपयोग झाला नाही. मग पांढऱ्या जाड कापडाचे पडदे उभारले, म्हणजे दिव्याचा उजेड त्यांच्यावर आपटून सावलीच्या बाजूला परत येईल. शेवटी त्याच कामाला मोठे आरसे लावले.

म्हणजे कृत्रिम उजेडात माणसाचा फोटो काढायची सुरुवात झाली, जवळपास त्याच क्षणी डिफ्यूजर आणि रिफ्लेक्टरही जन्माला आले. एवढंच नाही, डिफ्यूजरपेक्षा रिफ्लेक्टर बरा, हेही त्याच्या लक्षात आलं. आज ऑनलाइन दुकानांत फ्लॅशला लावायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या ज्या उत्साहाने विकल्या जातात, तो बघता ही माहिती अजून सगळ्यांपर्यंत पोचलेली दिसत नाही.

इथे थोडं भौतिकशास्त्र उरकून घेऊ. एक परिच्छेद पुरेल. सावलीची कड तीक्ष्ण पडणार की विरघळलेली, हे दिवा किती प्रखर आहे यावर ठरत नाही. समोरच्या माणसाच्या जागेवरून तो दिवा केवढा दिसतो, यावर ठरतं. सूर्याचा व्यास जवळपास चौदा लाख किलोमीटर, पण तो पंधरा कोटी किलोमीटर लांब असल्याने आपल्याला आभाळात अर्ध्या अंशाचा ठिपका दिसतो. म्हणून मे महिन्यातल्या दुपारी नाकाची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. श्रावणात ढग भरून आले की सूर्य तोच असतो, पण आता अख्खं आभाळ हाच दिवा झालेला असतो. उजेड सगळीकडून येतो, सावलीला कडच उरत नाही. आता मोबाइलच्या फ्लॅशचा हिशोब करा. एलईडी फार तर पाच मिलिमीटरची, माणूस एक मीटरवर. कोन येतो साधारण पाव अंश. म्हणजे आपण खिशात मे महिन्यातल्या सूर्यापेक्षाही कठोर सावली पाडणारा दिवा घेऊन फिरतो, आणि रात्री बाराला केक कापताना तो मित्रांच्या तोंडावर रोखतो.

नादारच्या बॅटऱ्या उचलून कुठे नेता येण्यासारख्या नव्हत्या. तो प्रश्न मॅग्नेशियमने सोडवला. 1859 मध्ये बुन्सेन आणि रॉस्को या शास्त्रज्ञांनी सुचवलं, की या धातूचा जळतानाचा उजेड फोटोग्राफीला चालेल. काही वर्षांत मॅग्नेशियमची तार बाजारात आली. 1864 मध्ये मँचेस्टरच्या आल्फ्रेड ब्रदर्स नावाच्या फोटोग्राफरने त्या उजेडात खुद्द रॉस्कोचाच फोटो काढला. पुढच्याच वर्षी पियाझी स्मिथ नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या पोटात मॅग्नेशियम जाळून फोटो घेतले. आत इतका पांढरा धूर कोंडायचा की पुढच्या फोटोसाठी तो बसायची वाट बघावी लागे. हा धूर म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, आणि तो इतका शुभ्र असतो की पुढे प्रयोगशाळांमध्ये ‘पांढरं म्हणजे किती पांढरं’ हे ठरवायला त्याचाच थर देत. म्हणजे उजेड मऊ करायला सर्वांत उत्तम पदार्थ या लोकांच्या नाकातोंडात जात होता आणि ते खोकत होते.

1887 मध्ये जर्मनीत मीट आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळून ‘ब्लिट्झलिष्ट’ तयार केलं. ब्लिट्झ म्हणजे वीज, आभाळात चमकते ती. पाककृती वाचून दिवाळी आठवली असेल तर बरोबर आठवली. ही जवळपास फटाक्याचीच दारू आहे. हाताळताना तिचा स्फोट होऊन फोटोग्राफर जखमी झाले, काही मेलेसुद्धा. पण आता उजेड तारेसारखा काही सेकंद जळत राहत नव्हता, एका भडक्यात संपत होता. त्यामुळे समोरच्या माणसाला सावरायला वेळ मिळेना.

आणि हाच त्याचा उपयोग आहे, हे न्यूयॉर्कमधल्या एका बातमीदाराच्या लक्षात आलं. जेकब रीस हा डेन्मार्कहून आलेला स्थलांतरित, पोलीस बीटवरचा पत्रकार. शहरातल्या गरिबांच्या खुराड्यांबद्दल तो लिहून लिहून थकला होता, कोणाला फरक पडत नव्हता. जर्मन भुकटीची बातमी वाचून त्याने ठरवलं, की आता लिहायचं नाही, दाखवायचं. रात्री-बेरात्री तो सोबत्यांना घेऊन त्या अंधाऱ्या खोल्यांत शिरायचा. सुरुवातीला ही भुकटी पिस्तुलासारख्या यंत्रातून काडतूस उडवून पेटवत. अनोळखी माणसं मध्यरात्री पिस्तूल घेऊन घरात घुसतात, धाडकन आवाज होतो, डोळे दिपवणारा लोळ उठतो, आणि ती निघून जातात. पुढे रीसने पिस्तूल सोडलं आणि तळणीचा तवा घेतला. तो त्याला जास्त घरगुती वाटला. एकदा आंधळ्या भिकाऱ्यांच्या खोलीत फोटो काढताना भिंतीवरच्या कागदांनी पेट घेतला. खोलीतल्या कोणालाच काही दिसत नव्हतं, आग रीसने स्वतःच विझवली.

1890 मध्ये ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे त्याचं पुस्तक आलं आणि शहर हललं. घरांचे कायदे बदलायला त्याची मदत झाली, हे खरं आहे. पण ‘फाइव्ह सेंट्स अ स्पॉट’ हा त्याचा प्रसिद्ध फोटो तुम्ही शोधून जरूर बघा. एका खोलीत दाटीवाटीने झोपलेली माणसं आहेत, आणि जी जागी झालीत त्यांच्या चेहऱ्यांवर गरिबीच्या आधी जे दिसतं ते म्हणजे झोपमोड. मला तो फोटो बघताना दर वेळी आजी आठवते. रीसचं काम मोलाचं होतं हे मला मान्य आहे, तरीही. फ्लॅश मारणाऱ्याला काय दिसलं, याचा इतिहास भरपूर लिहिलाय. ज्याच्यावर मारला त्याला काय दिसलं? थोडा वेळ काहीच नाही, नुसता हिरवा-जांभळा डाग.

धुराचा प्रश्न 1929 च्या सुमाराला मिटला. जर्मनीत ‘व्हाकुब्लिट्झ’ हा फ्लॅशबल्ब आला: काचेच्या फुग्यात अॅल्युमिनियमचा कागद आणि ऑक्सिजन. वीज दिली की आतल्या आत भस्म. एक बल्ब, एक फोटो, मग गरम बल्ब काढून फेका आणि दुसरा लावा. पुढची तीसेक वर्षं वर्तमानपत्री फोटोग्राफरचं चित्र हेच राहिलं: हातात मोठा ‘स्पीड ग्राफिक’ कॅमेरा, बाजूला ताटलीसारखा चकचकीत रिफ्लेक्टर, खिशात बल्ब. आपल्याकडे होमाई व्यारावाला याच पद्धतीने काम करत. नवसारीत जन्म, मुंबईत जे. जे. मध्ये शिक्षण, 1942 पासून दिल्लीत. देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, ते धूड खांद्याला लावून त्यांनी माउंटबॅटनपासून नेहरूंपर्यंत सगळे टिपले.

याच काळात प्रेस फोटोग्राफरांनी जगातला सगळ्यात स्वस्त डिफ्यूजर शोधला: खिशातला पांढरा रुमाल. माणूस फार जवळ असला की बल्बवर रुमाल टाकायचा. एक घडी म्हणजे साधारण निम्मा उजेड, दोन घड्या म्हणजे पाव. शिवाय बल्ब फुटलाच तर काचा रुमालात. आता वरचं भौतिकशास्त्र आठवा. रुमालाने उजेड कमी झाला, मऊ नाही झाला, कारण ताटली होती तेवढीच राहिली. कमी आणि मऊ हा घोळ तेव्हापासून आजतागायत चालू आहे. अल्बममधला तो जाळीचा कागद मोबाइलच्या फ्लॅशला चिकटवून मी स्वतः पाहिलंय. फोटो काळपट आला, सावली होती तशीच धारदार. तोच कागद फ्लॅशपासून वीतभर लांब धरला तेव्हा कुठे थोडा फरक पडला, कारण आता कागदावर उजेडाचा मोठा गोल पडला होता आणि तो गोल हा नवा दिवा झाला होता.

फ्लॅशबल्बच्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात समोरच्या माणसाला बोलायचा अधिकार मिळाला. 1946 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्याजवळचा फोटो काढायला आल्या. आधी त्यांना सूत कातायला शिकायला सांगितलं गेलं. मग कळलं की गांधीजींचं मौन आहे, त्यांच्याशी बोलायचं नाही. आणि प्रखर उजेड त्यांना सहन होत नाही, त्यामुळे फ्लॅशबल्ब मोजून तीन. ‘लाइफ’च्या बाईंना, ज्यांनी बॉम्बफेकी विमानांतून फोटो काढले होते, त्यांना तीन बल्ब! पहिले दोन वाया गेले. तिसऱ्याने साथ दिली. तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय: पुढे चरखा, मागे वाचत बसलेले गांधीजी, खिडकीतून येणारा उजेड. न्यूयॉर्कच्या खोल्यांमधल्या माणसांना कोणी बल्ब मोजून द्यायचा अधिकार दिला नव्हता.

तिकडे अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी 1930 च्या दशकात इलेक्ट्रॉनिक फ्लॅश विकसित केला. नळीत वायू, कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज, सेकंदाच्या हजाराव्या किंवा त्याहूनही लहान भागात लखलखाट, आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारा. दुधाचा थेंब पडून मुकुट होतो तो फोटो त्यांचाच. आजचा प्रत्येक कॅमेऱ्यावरचा फ्लॅश या घराण्यातला. याच्या तपशिलात मी शिरत नाही, शिरलो तर बाहेर येणार नाही. फक्त एक सांगतो. पापणी मिटायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो. म्हणजे एक लखलखाट पापणीच्या कितीतरी आधी संपतो. आजी फोटोत डोळे मिटून आहे ती त्या फ्लॅशमुळे नाही. आधीच्या फ्लॅशमुळे. पुढचा येणार हे तिला माहीत होतं.

आता या गोष्टीतला माझा आवडता माणूस. तो फ्लॅश वापरणारा नव्हता, सिनेमाचा कॅमेरामन होता. पण फ्लॅश मऊ कसा करायचा, हे मला कळलं ते त्याच्यामुळे.

सुब्रत मित्र. ‘पथेर पांचाली’चं शूटिंग 1952 मध्ये सुरू झालं तेव्हा ते एकवीस-बावीस वर्षांचे होते आणि त्यांनी त्याआधी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. अनुभव काय, तर झाँ रेन्वार ‘द रिव्हर’च्या शूटिंगसाठी बंगालमध्ये आला होता तेव्हा सेटवर उभं राहून बघितलं होतं. सत्यजित राय यांनी या मुलाला कॅमेरा दिला. मग आला ‘अपराजितो’, 1956. त्यात हरिहरचं कुटुंब बनारसमध्ये राहतं. बनारसची जुनी घरं म्हणजे आपल्याकडच्या चौसोपी वाड्यासारखी. मध्ये चौक, चारही बाजूंना खोल्या, आणि उजेड फक्त वरून, चौकाच्या उघड्या तोंडातून खाली झिरपणारा. ज्यांनी वाड्यात दिवस काढलेत त्यांना हा उजेड माहीत आहे. तो कुठून येतो ते दाखवता येत नाही. तांदूळ निवडणाऱ्या बाईच्या हातांखाली सावली असते, पण तिला कड नसते.

पावसाच्या भीतीने ठरलं की हा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारायचा. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त सेट बांधायला तयार. मित्र मात्र अडून बसले. स्टुडिओत चौकातला बिनसावलीचा उजेड आणणं अशक्य आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि त्या काळच्या रीतीने ते खरंच होतं. स्टुडिओत दिवे म्हणजे लोखंडी डब्यातले मोठाले स्पॉट, प्रत्येकाची स्वतंत्र धारदार सावली. चार दिवे लावले तर एका माणसाच्या चार सावल्या. जगभर तसंच चाले, आणि प्रेक्षकांना त्याची सवय झाली होती. मित्र हरले, सेट स्टुडिओतच झाला. मग त्यांनी काय केलं? सेटच्या डोक्यावर, जिथे आभाळ असायला हवं होतं तिथे, चौकटीत ताणून पांढरं कापड बांधलं. आणि दिवे माणसांवर रोखण्याऐवजी खालून त्या कापडावर मारले. कापड उजळलं, आणि त्याचा उजेड खाली चौकात पडला.

वाचायला इतकं सोपं वाटतं की यात विशेष काय, असंच मलाही पहिल्यांदा वाटलं. विशेष हे, की यात उजेड प्रचंड वाया जातो. त्या काळची फिल्म मंद, तिला भरपूर उजेड हवा. दिवा थेट मारणं हा काटकसरीचा रस्ता. कापडावर मारून उरलेला वापरणं म्हणजे रेशनच्या दुकानात उधळपट्टी. पण त्या उधळपट्टीतून करुणा बॅनर्जींचा सर्वजयाचा चेहरा मिळाला. स्वीडनचे स्वेन नीक्विस्ट यांनी बर्गमनच्या सिनेमांत अशाच परतीच्या उजेडाने नाव कमावलं ते नंतर, साठच्या दशकात. कलकत्त्यात ते आधी घडून गेलं होतं. ‘अपराजितो’ला 1957 मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला, त्या कापडाबद्दल तेव्हा फार कोणी बोललं असेल असं वाटत नाही.

त्यानंतर तीनच वर्षांनी, 1959 मध्ये, व्ही. के. मूर्ती यांनी ‘कागज के फूल’मध्ये नेमका उलटा खेळ केला. स्टुडिओबाहेरचं ऊन मोठ्या आरशांनी वळवून आत आणलं, आणि गुरुदत्त-वहिदा यांच्यामध्ये तो प्रसिद्ध झोत पडला. आरशाने उजेड वळतो, पण बदलत नाही. सूर्य लहान आणि कठोर होता तसाच राहतो. कापडाने उजेड मोडतो आणि सगळीकडे सांडतो. मऊपणा आणायचा असेल तर खडबडीत पांढरं हवं, गुळगुळीत चकचकीत नको. मुंबईच्या सेटवर आजही याच कामाला थर्माकोलची शीट आणि बटर पेपर वापरतात. नादार आरशांपर्यंत पोचून थांबला. मला विचाराल तर त्याने कापडावरच थांबायला हवं होतं.

मित्रांची युक्ती कॅमेऱ्याच्या फ्लॅशला लावायची, तर फ्लॅशचं डोकं वर वळवून छताकडे मारायचं. फ्लॅशची दोनअडीच इंचांची खिडकी छतावर चार-पाच फुटांचा डाग पाडते, आणि तो डाग आभाळ होतो. याची किंमत म्हणजे उजेड चौथा-आठवा हिस्साच उरतो. आणि छत पांढरं हवं. हिरव्या डिस्टेंपरच्या हॉलमध्ये वऱ्हाडी कावीळ झाल्यासारखे दिसतात, किंवा मांडवाचं लाल कापड असेल तर सगळेच ताप आल्यासारखे.

यावर उपाय म्हणून बाजार फुलला. स्टुडिओवाल्यांची छत्री: आतून पांढरी किंवा चंदेरी, फ्लॅश आत तोंड करून. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात ती छत्री धरायला एक मुलगा ठेवला होता. माझ्याच वयाचा, सातवी-आठवीतला. पाहुण्यांनी त्याला दिवसभरात बहुतेक शंभर वेळा विचारलं असेल, पाऊस कुठंय रे? मग सॉफ्टबॉक्स. मग कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशला लावायच्या टोप्या: ‘ऑम्नी-बाउन्स’, पुढे गॅरी फाँग यांचा ‘लाइटस्फिअर’, जो दिसायला डब्यासारखा, म्हणून फोटोग्राफरांनी त्याची भरपूर टिंगल केली. या टोप्या काय करतात, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. त्या स्वतः मोठ्या नसतात, त्यामुळे त्या स्वतः काही मऊ करत नाहीत. त्या उजेड चहूकडे उधळतात, आणि आजूबाजूला भिंती-छत असेल तर ते काम करतं. मोकळ्या मैदानात टोपी लावून फोटो काढणारा माणूस फक्त बॅटरी संपवतो. मी स्वतः असा एक डबा पंधराशे रुपयांना घेतला आणि गडावर घेऊन गेलो. पुढचं सांगत नाही.

पण एवढी युक्ती जुनी, एवढी सोपी, तर आई-बाबांच्या लग्नातल्या फोटोग्राफरने ती का वापरली नाही? मला वाटायचं, त्याला माहीत नसेल. दोन वर्षांपूर्वी गावी गेलो तेव्हा अशाच एका जुन्या, आता निवृत्त झालेल्या फोटोग्राफरकाकांशी बोलत बसलो होतो. ते हसले. म्हणाले, ‘‘माहीत सगळं होतं. पण बाउन्स केला की रोल वाया जायची भीती. छत्तीस फोटो, नंतर धुऊन कळणार. आणि दुसरं म्हणजे, सरळ फ्लॅश मारला की माणूस गोरा येतो. मऊ उजेडात रंग आहे तसा येतो. लोक अल्बम परत आणायचे, म्हणायचे नवरी काळी आली.’’

हे ऐकून मी गप्पच झालो. मी सावलीच्या कडांचा हिशोब करत होतो आणि इथे प्रश्नच वेगळा होता. लहान कठोर दिवा गव्हाळ-सावळ्या कातडीवर दोनच गोष्टी करतो: एक तर सगळा रंग धुऊन टाकतो, नाहीतर कपाळ-नाकावर पांढरे ठिपके पाडतो. मोठ्या उजेडात तोच रंग सावकाश, चढत-उतरत दिसतो. सावळा चेहरा दिसतो तो त्याच्यावर पसरलेल्या उजेडामुळे, आणि पसरण्यासाठी उजेडच मोठा लागतो. कोडॅकच्या प्रयोगशाळांत कित्येक वर्षं रंग जुळवायला ‘शर्ली कार्ड’ वापरत, त्यावर गोरी बाई असे. बाकीच्या कातड्या त्या हिशोबात नव्हत्याच. आमच्या गावात मात्र कोडॅकची गरज नव्हती. काळी आली म्हणून अल्बम परत करणारे आपलेच लोक होते. फ्लॅश हा आपला पहिला ब्यूटी फिल्टर होता.

मोबाइलवाल्यांनीही खऱ्या फ्लॅशचा प्रयत्न करून पाहिला. 2006 मध्ये सोनी एरिक्सनच्या के800आय मध्ये झेनॉन फ्लॅश होता, 2012-13 मध्ये नोकियाच्या 808 आणि ल्युमिया 1020 मध्येही. पण कपॅसिटरला जागा लागते आणि फोन पातळ हवा होता, म्हणून एलईडी जिंकली. मग आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी फ्लॅशच बाजूला सारला. 2018 मध्ये गुगलच्या पिक्सेलमध्ये नाइट साइट आलं: पंधरापर्यंत फोटो पटापट घ्यायचे, एकमेकांवर जुळवायचे, गोंगाट वजा करायचा. अंधारात उजेड पाडण्याऐवजी आहे तो उजेड गोळा करायचा. समोरच्याला पत्ताही लागत नाही. हे मला सभ्य वाटतं, शिवाय धंद्याचा अभिमानही आहेच. तरी एक गोष्ट सॉफ्टवेअरला अजून नीट जमत नाही. उजेड वाईट दिशेने येत असेल, समजा डोक्यावरच्या एका बल्बमधून, तर नाइट मोड तो वाईट उजेड प्रामाणिकपणे गोळा करतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्याच राहतात. मधल्या काळात पोरांनी जुने डिजिटल कॅमेरे शोधून काढलेत आणि मुद्दाम तोंडावर फ्लॅश मारून फोटो काढतायत. त्यांना तो पांढराफटक चेहरा आवडतो. आवडू दे. त्यांनी तो निवडलाय, एवढा फरक पुरेसा आहे.

आजी आता ब्याऐंशीची आहे. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मोबाइल वर केला की अजूनही डोळे मिटते. गेल्या दिवाळीत ती स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसली होती. डोक्यावर एकच पिवळा बल्ब. मी आईचा जुना पांढरा पलंगपोस दोन खुर्च्यांच्या पाठींवर ताणून तिच्या डाव्या बाजूला उभा केला, भावाच्या फोनचा टॉर्च लावून तो पलंगपोसाकडे तोंड करून डब्यावर ठेवला, आणि डोक्यावरचा बल्ब बंद केला. आजीने मान वर करून विचारलं, लाइट गेली का? नाही, म्हटलं. ‘‘मग हे काय टांगलंयस? वाळत घालायला दोरी नाही व्हय?’’ मी म्हटलं, तू शेंगा फोड.

दहा-बारा फोटो काढले. तिला कळलंच नाही कधी काढले. नंतर फोन तिच्या हातात दिला. तिने तो जवळ नेला, लांब धरला, बोटाने पुसला.

‘‘काळी आलीय की रं मी,’’ ती म्हणाली.

मी काही बोललो नाही. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘‘आत्तीला पाठव. तिला म्हणावं, डोळं उघडं हायत.’’